‘द हॉन्टिंग’ चारचौघांना दाखवायचा कसा, आणि मग त्यांची मतं काढायची कशी

आधी चित्रपट नीट निवडा. ‘द हॉन्टिंग’ नावाचे दोन आहेत. आपल्याला हवा तो १९६३चा: कृष्णधवल, ११२ मिनिटांचा, रॉबर्ट वाइजने दिग्दर्शित केलेला. दुसरा १९९९चा, रंगीत, लियाम नीसन आणि कॅथरीन झीटा-जोन्सवाला. त्यात संगणकाच्या जोरावर अख्खं घर हातपाय हलवायला लागतं. तो लावणार असाल तर पुढे वाचायची गरज नाही. त्याला खोली तयार करावी लागत नाही आणि नंतर कुणाचं मतही काढावं लागत नाही, लोक आपणहून ऐकवतात.

माझी बरीच वर्षं नभोनाट्यांना आवाज पुरवण्यात गेली. करवंट्या आपटून घोडे दौडवले, पत्रा हलवून ढग गडगडवले. आता सोसायटीच्या हॉलमध्ये अधूनमधून जुने चित्रपट लावते. येणाऱ्यांत सत्तरीचे काका आहेत, कॉलेजातली पोरं आहेत आणि ‘घरी पंखा बंद पडलाय म्हणून आलो’ असं प्रामाणिकपणे सांगणारेही आहेत. या एका चित्रपटावरून आमच्याकडे जेवढी जुंपते तेवढी दुसऱ्या कशावरून जुंपत नाही. मला ती जुंपायला हवीच असते. पण ‘भीती वाटली’ आणि ‘छे, कसली भीती’ एवढ्यावरच ती मिटली, तर चहाचे पैसे वाया गेले असं समजावं. मिटू नये म्हणून काय करावं, ते सांगते.

गोष्ट न ऐकलेल्यांसाठी थोडक्यात: हिल हाऊस नावाचं नव्वद वर्षांचं जुनं, बदनाम घर. डॉ. मार्कवे हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक तिथे भूतबाधा खरी की खोटी ते तपासायला जातात. बरोबर दोन बायका, थिओडोरा आणि एलिनॉर, आणि पुढेमागे घर ज्याच्या नावावर होणार तो ल्यूक. एलिनॉरने अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलं. आई गेली. आता ती बहिणीच्या घरी बाहेरच्या खोलीत कोचावर झोपते. एवढंच सांगायचं. पाहुण्यांनाही याहून जास्त सांगू नका.

एक गोष्ट मात्र आधी सांगाच: भूत दिसत नाही. शेवटपर्यंत नाही. यावरून मला पुष्कळांनी टोकलंय, ‘मग मजा काय राहिली?’ माझं म्हणणं असं की वाट बघणाऱ्या माणसाला समोरचं दिसत नाही. पॉलीन केल या अमेरिकन समीक्षक बाईंनी १९६४च्या एका लेखात हाच चित्रपट थिएटरात बघतानाचं वर्णन केलंय. मोजके प्रेक्षक, तेही चुळबुळणारे, बोलणारे. शेजारच्या जोडप्यातला पुरुष उठून जायच्या गोष्टी करतोय आणि बाई त्याची समजूत काढतेय की थांब, आता काहीतरी होईल. केलबाईंचं निदान असं की सगळा वेळ जे होत होतं तेच त्या जोडप्याच्या हातून निसटलं. खुद्द केलबाईंना चित्रपट फार थोर वाटला होता असंही नाही, पण त्या माणसाची घालमेल त्यांनी अचूक पकडली. तो माणूस प्रत्येक हॉलमध्ये असतो. त्याला दारातच सांगून टाका, ‘दादा, भूत येणार नाही, निवांत बसा.’ तो निम्मा शांत होतो.

उलट, ‘जगातला सगळ्यात भीतीदायक चित्रपट’ असं मात्र कुणाला सांगू नका. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने २००९ साली आपल्या आवडत्या भयपटांच्या यादीत याला पहिला नंबर दिला होता. हे चहाच्या वेळी सांगा. आधी सांगितलंत तर पोरं हाताची घडी घालून बसतात, ‘घाबरवा बघू आम्हाला.’

आता खोली. अंधाराची लोक फार काळजी करतात. थोडा उजेड असला तरी चालतं, पण गोंगाट अजिबात चालत नाही. पडद्यावर दिसतं ते बहुतेक दार, भिंत आणि माणसांचे चेहरे. उरलेलं सगळं कानाने घ्यायचं आहे. म्हणून पंखे सर्वांत हळू ठेवा, किंवा चित्रपट हिवाळ्यात लावा. पाण्याचा कूलर घरघरत असेल तर त्याचा प्लग काढा. वॉचमनला सांगून ठेवा की दोन तास पाण्याची मोटर लावायची नाही. आमच्याकडे खायचं आधी देतात, आणि तेही उपमा नाहीतर इडली. चकल्या, वेफर्स, चिवडा यांना हॉलमध्ये बंदी. मिसेस डडली, म्हणजे तिथली घर सांभाळणारी बाई, ‘रात्री तुमची हाक ऐकायला इथे कुणी नसेल’ अशा अर्थाचं बोलून बारीक हसते, त्या क्षणाला पाकिटाची कुरकुर झाली की संपलं.

टीव्हीला जोडलेले बारके स्पीकर पुरत नाहीत. भजनी मंडळाचे दोन उभे स्पीकर असतात ना, ते मागून घ्या आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. आवाज किती ठेवायचा ते सुरुवातीच्या निवेदनावर ठरवा. मार्कवे घराचा इतिहास सांगतो, ते शेवटच्या रांगेतल्या आजींना स्पष्ट ऐकू आलं की त्यानंतर रिमोट लपवून ठेवा. पहिल्या रात्रीच्या धडधडीच्या वेळी कुणीतरी ‘अहो, कमी करा’ म्हणतंच. करायचा नाही.

चित्राचंही थोडं बघा. हा रुंद पडद्याचा चित्रपट आहे, वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला कुणीतरी ‘फुल स्क्रीन’ करतो आणि कडेची माणसं कापली जातात. इथे कडा महत्त्वाच्या आहेत, कारण वाइजने मुद्दाम कडा वाकवणारी लेन्स वापरली. ३० मिलिमीटरची ती पॅनाव्हिजन लेन्स अजून पक्की तयार नव्हती, चित्र वेडंवाकडं येईल म्हणून कंपनी द्यायला राजी नव्हती. वाइजला वेडंवाकडंच हवं होतं. शेवटी ‘लेन्समध्ये दोष आहे हे मला ठाऊक आहे’ असं लिहून देऊन त्याने ती घेतली. नव्या टीव्हींत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, तीही बंद करा. नाहीतर १९६३चं हिल हाऊस दुपारच्या मालिकेतल्या बंगल्यासारखं दिसायला लागतं. सबटायटल्स इंग्रजी असली तरी लावा. एलिनॉर मनातल्या मनात पुटपुटते ते बरंच असतं, आणि जुन्या धाटणीचं इंग्रजी सगळ्यांच्या कानाला बसत नाही.

मध्यंतर शक्यतो देऊ नका. मधुमेहवाले काका असतील तर पहिल्या रात्रीनंतरची सकाळ होते तिथे थांबवा. लख्ख उजेड असतो, एलिनॉर खुशीत असते, नाश्त्याला निघालेली असते. पण चहा तेव्हा द्यायचा नाही. चहा दिला की माणसं बोलतात आणि एकाचं मत सगळ्यांचं होऊन बसतं.

हेच शेवटीही पाळायचं, आणि ज्यासाठी लिहायला बसले ते इथून सुरू होतं. दिवे लागल्याबरोबर हॉलमधला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस बोलतो. आमच्याकडे ते तिसऱ्या मजल्यावरचे एक काका आहेत, स्वभावाने सोन्यासारखे, पण त्यांनी ‘बोअर आहे बुवा’ म्हटलं की बारा जण बोअर होतात. म्हणून दिवे लागायच्या आधीच प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल हवी. नाव लिहायचं नाही. तीन प्रश्न, पाच मिनिटं, तोंड बंद.

पहिला: कोणता आवाज अजून कानात आहे?

दुसरा: कंटाळा कुठे आला? प्रसंग लिहा, नुसतं ‘मधे’ नको.

तिसरा: एलिनॉरला तिथून परत पाठवायचं ठरवलं, ते बरोबर होतं का?

‘आवडला का’ हे विचारायचंच नाही. त्याला हो-नाहीपलीकडे उत्तर येत नाही, आणि एकदा हो-नाही तोंडातून गेलं की पुढे माणूस फक्त आपलं हो-नाही सांभाळत बसतो. कंटाळ्याचा प्रश्न विचारला की लोक चकित होतात, कंटाळा यायला परवानगी आहे हे कळल्यावर खरं लिहितात. तिसऱ्या प्रश्नात भुताचं नावही नाही, तरी चित्रपट कुणाला कसा पोचला ते सगळं त्याच उत्तरात येतं.

मग चहा, आणि चिठ्ठ्या तुम्ही मोठ्याने वाचायच्या. वाचताना चेहरा कोरा ठेवा. कुठल्या प्रकारची मतं येतात आणि त्यांचं काय करायचं ते आता सांगते.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या ‘काही घडतच नाही’च्या असतात. यांना कमी लेखू नका, ही तक्रार जुनी आणि खानदानी आहे. चित्रपट आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा समीक्षक बॉस्ली क्राउदर याने जवळजवळ हेच लिहिलं होतं, की काटा उभा राहतो खरा, पण त्यातून अर्थ फारसा निघत नाही. असं मत आलं की वाद घालण्याऐवजी दिवाणखान्याच्या दाराचा प्रसंग पुन्हा लावा. चौघं आत बसलेत, बाहेर काहीतरी आहे, आणि ते भलंमोठं लाकडी दार हळूहळू आत फुगतं, परत सरळ होतं, पुन्हा फुगतं. दार श्वास घेतं म्हणा ना. हे करायला पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं दार केलं होतं आणि पलीकडून ते ढकललं जात होतं. बस. हे सांगितल्यावर ‘काही घडत नाही’वाला माणूस हमखास म्हणतो, ‘एवढंच?’ आणि पुन्हा बघायला मागतो. दुसऱ्यांदा बघताना त्याला दाराऐवजी ल्यूककडे बघायला सांगा. तोवर घर विकून किती येतील याचा हिशेब करणारा, सगळ्याची थट्टा उडवणारा तो पोरगा. त्याच्या चेहऱ्यावर जे घडतं ते घडणं नव्हे काय?

दुसरा गठ्ठा ‘सगळं तिच्या डोक्यात आहे’वाल्यांचा. यात शिकलेली माणसं जास्त. त्यांच्यासाठी एक उद्योग आहे: फळ्यावर प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे कुणाकुणाला कळलं ते लिहा. पहिल्या रात्रीची धडधड एलिनॉर आणि थिओ दोघींनी ऐकली. पुरुष त्या वेळी बाहेर, कुत्र्यासारख्या कशाच्या तरी मागे धावत होते, त्यांना काही नाही. घर बांधणाऱ्याच्या मुलीच्या जुन्या खोलीबाहेरची गार जागा सगळ्यांना जाणवली. भिंतीवर खडूने लिहिलेलं, एलिनॉरला घरी बोलावणारं वाक्य सगळ्यांनी वाचलं, पण ते कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही. रात्रीचं लहान मुलाचं रडणं फक्त एलिनॉरला. अंधारात धरलेला हात फक्त एलिनॉरला. दार चौघांना. फळा भरला की ‘सगळं डोक्यात’ टिकत नाही आणि ‘सगळं खरं’ हेही टिकत नाही. भांडण इथून पुढे रंगतं.

याच वेळी पटकथाकाराची गोष्ट सांगा. शर्ली जॅक्सनची मूळ कादंबरी, ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस’, १९५९ची. नेल्सन गिडिंग तिच्यावरून पटकथा लिहायला बसला आणि त्याला वाटू लागलं की ही भुताची गोष्टच नाही, ही मन ढासळलेल्या बाईची गोष्ट आहे. घर म्हणजे इस्पितळ, मार्कवे म्हणजे तिथला डॉक्टर. तो आणि वाइज जॅक्सनबाईंना भेटायला व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला गेले. बाई म्हणाल्या, कल्पना छान आहे, पण मी लिहिलंय ते भुतांबद्दलच. गिडिंगने मग आपली कल्पना सोडली, तरी तिचा थोडा अंश पटकथेत राहिलाच, आणि त्या अंशामुळेच तुमचा फळा अर्धा-अर्धा भरतो. चित्रपटाचं छोटं नावही त्याच भेटीतलं, जॅक्सनबाईंनी पूर्वी ते कादंबरीसाठी मनात घोळवलं होतं.

तिसरं मत मी मुद्दाम शेवटी वाचते, कारण त्यावर रात्र सरते. ‘एलिनॉर डोकं खाते.’ रडकी आहे, स्वतःचीच कीव करते, सारखी मनात बडबडते, थिओवर चिडते, मार्कवेच्या मागे लागते. हे लिहिणारे बहुतेक पुरुष आणि पोरं. मी त्यांना चूक म्हणत नाही. ज्युली हॅरिसने ती तशी उभी केलीच आहे, सोसायला अवघड. चित्रीकरण चालू असताना ती स्वतः खिन्न मनःस्थितीत होती, इतरांपासून लांब राहायची. क्लेअर ब्लूमला, म्हणजे थिओला, वाटायचं हिला मी आवडतच नाही. काम संपल्यावर हॅरिस तिला भेटायला गेली, भेटवस्तू दिली, मग उलगडा झाला. पडद्यावर त्या दोघींमध्ये जे अवघडलेपण दिसतं त्यात थोडं खरं होतं.

पण या मतावर उत्तर तुम्ही देऊ नका, पहिल्या प्रश्नाच्या चिठ्ठ्यांतून ते येऊ द्या. ‘कोणता आवाज कानात आहे’ याला बहुतेक जण धडधड लिहितात. आमच्या एका खेळाला एका चिठ्ठीवर लिहिलेलं आलं: ‘आले, आई, आले.’ अक्षर मी ओळखलं, अर्थात कुणाचं ते सांगितलं नाही. पहिल्या रात्री भिंतीवर ठोके पडायला लागतात तेव्हा एलिनॉर अर्धवट झोपेत आधी हेच बोलते. तिला वाटतं आई भिंत ठोकतेय. आई गेली त्या रात्रीही तिने भिंत ठोकली होती आणि एलिनॉर गेली नव्हती. ऐकून गेली नाही की ऐकलंच नाही, हे तिचं तिलाही नक्की नाही. आमच्या हॉलमधल्या निम्म्या बायकांनी असं कुणाचं तरी केलेलं आहे. सासूबाईंची घंटा, सासऱ्यांची काठी, रात्री तीनला ‘अगं, ऐकतेस का’. मी चिठ्ठी वाचली आणि एक वहिनी म्हणाल्या, ‘तुम्हाला ती धडधड भुताची वाटली? मला नाही वाटली.’ समोर बसलेल्या एका काकांनी, ज्यांनी ‘डोकं खाते’ लिहिलं असावं असा माझा संशय आहे, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘मग बहिणीने का नाही वाटून घेतलं?’ पुढचा अर्धा तास चित्रपट बाजूलाच राहिला. मी आणलाही नाही. त्या चिठ्ठीमुळे लोकांना सुरुवातीचा गाडीचा प्रसंग आठवला: गाडी निम्मी माझी आहे, असं बहिणीला आणि मेव्हण्याला सांगणारी एलिनॉर. बघताना तो सगळ्यांना लांबट वाटलेला, दुसऱ्या प्रश्नाच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर त्याचंच नाव होतं.

आता तिसरा प्रश्न काढा. परत पाठवायचं ते कुठे? त्या कोचावर. घर झपाटलेलं असेल, पण तिला बोलावणारं तेवढं एकच घर आहे, आणि तिच्यासाठी सर्वांत समंजस असलेला मार्कवेच तिच्या भल्यासाठी तिला गाडीत बसवतो. यावर आमच्याकडे आजवर एकमत झालेलं नाही. डॉक्टर असलेल्या एका ताईंचं ठाम मत आहे की मार्कवेने पहिल्याच रात्रीनंतर तिला पाठवायला हवं होतं आणि एवढा उशीर केल्याबद्दल त्याच्यावर खटला भरावा. त्यांच्या मते भयपट तो आहे. कुणी काहीही म्हणो, या प्रश्नावर ‘माहीत नाही’ लिहिणारा क्वचितच भेटतो.

बाकीची मतं पटापट उरकता येतात. तरुण मुली थिओ आणि एलिनॉरमधलं काहीतरी लगेच टिपतात आणि जुनी माणसं ‘मैत्रीण आहे हो’ म्हणतात. मुलींचं बरोबर आहे. थिओची एका बाईशी ताटातूट होते असा प्रसंग सुरुवातीसाठी चित्रित केला होता, मग काढून टाकला. जे राहिलं ते नजरेत आणि टोमण्यांत आहे. थिओचे कपडे मेरी क्वांट या ब्रिटिश फॅशन डिझायनरचे आहेत. शिवणकाम करणाऱ्या मावशी असतील तर त्यांचं मत जरूर घ्या, बाकी कुणी एलिनॉरच्या शेजारी ते कपडे काय बोलतात हे बघत नाही. ‘ल्यूक कशाला आहे?’ असं कुणी विचारलं तर दाराच्या प्रसंगाकडे बोट दाखवा. ‘गोल जिन्यावर एकदम चेहरा आला तेव्हा दचकलो’ असं लिहिणाऱ्याला सांगा की अख्ख्या चित्रपटात दचकवायची सोपी युक्ती जवळपास तेवढीच, आणि तो चेहरा लोइस मॅक्सवेलचा, म्हणजे बाँडपटांतल्या मिस मनीपेनीचा. हशा होतो, ताण उतरतो. ‘नेटफ्लिक्सवरची मालिका बरी’ म्हणणाऱ्याला विरोध करायचं कारण नाही. २०१८ची ती मालिका वेगळीच गोष्ट सांगते, कादंबरीतली नावं आणि काही खुणा तेवढ्या घेते. तीत रस टॅम्ब्लिन हा नट छोट्या भूमिकेत आहे. इथला ल्यूक तोच.

उत्साह उरला असेल तर एक प्रयोग करा. हा माझा खास. रात्री एलिनॉरला जाग येते, भिंतीतून पुटपुट ऐकू येते, भिंतीवरच्या नक्षीत उजेड सरकत सरकत चेहरा जमतो, लहान मूल रडतं, ती थिओचा हात घट्ट धरते, आणि दिवा लागल्यावर थिओ लांब, खोलीच्या दुसऱ्या बाजूला. हा तुकडा आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवा. लोक हसतात. भिंत आहे, एक बाई आहे, बाईला काहीतरी होतंय. मग उलट करा, पडद्यावर चादर टाका आणि नुसतं ऐकवा. पुटपुट जरा कळेल-कळेलशी वाटते, पण शब्द लागत नाही. आमच्या धंद्यात हे सर्वांत अवघड. शब्द लागला की भीती संपते, आणि फारच अस्पष्ट ठेवलं तर ऐकणारा कान काढून घेतो. वाइजने हे आवाज आधीच तयार करवून घेतले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते नटांना ऐकवले, त्यामुळे दचकणं पोकळीतलं नाही. आमच्या स्टुडिओत पत्रा हलवणारा एकीकडे, नट एकीकडे. पण नटाला पत्रा दिसला तर त्याचा आवाज चांगला लागायचा, तेच हे. वाइज मूळचा संकलक, पुढे निर्माता व्हॅल ल्यूटनच्या हाताखाली चाळीसच्या दशकात कमी पैशांचे भयपट केलेला. न दाखवण्याची कला तिथली. हा करण्याआधी तो ‘वेस्ट साइड स्टोरी’सारखा भव्य संगीतपट करून आला होता, दोन वर्षांनी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ केला. तिन्ही एकाच माणसाचे हे सांगितल्यावर हॉलमध्ये कुणीतरी ‘काय सांगता!’ म्हणतंच.

घर कुठलं, हेही विचारलं जातं. गोष्ट अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडची, पण बाहेरून दिसणारं घर इंग्लंडमधलं, वॉरिकशायरमधलं एटिंग्टन पार्क. आता तिथे हॉटेल आहे. आतलं सगळं बोअरहॅमवुडच्या स्टुडिओत उभारलेलं, छतांसकट; म्हणून खोल्या अंगावर येतात. बाहेरच्या काही दृश्यांना इन्फ्रारेड फिल्म वापरली, त्यामुळे आभाळ काळं पडतं आणि दगड उजळून पुढे येतात.

घरी जाऊन कुणाला याच्यावर चार ओळी लिहायच्या असतील तर एकच सूचना देते: चांदण्या देऊ नका, एक प्रसंग द्या. ‘मला भीती वाटली नाही, पण एलिनॉर मार्कवेबद्दल जे मनात बोलते तिथे मी मान खाली घातली’, अशी ओळ वाचली की मला तो चित्रपटही कळतो आणि लिहिणाराही. साडेतीन चांदण्यांचं मी काय करू?

चिठ्ठ्या टाकू नका. पुढच्या खेळाला ‘द इनोसन्ट्स’ लावायचा असेल तर त्या लागतील. तो १९६१चा, जॅक क्लेटनचा, डेबोरा कर त्यात दोन मुलांची गव्हर्नेस आहे, आणि तिथे भुतं चक्क दिसतात, पण तिच्याशिवाय आणखी कुणाला दिसतात का हा वेगळा प्रश्न. तेव्हा चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न आवाजाऐवजी नजरेचा करा: तिने पाहिलं तेव्हा मुलं कुठे बघत होती? आणि तेव्हाही चकल्या नकोत.